दहा विद्यार्थी, तीस खाटा, एक मॅडम

नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून नव्याने रुजू होणाऱ्या बाईंना पहिल्या आठवड्यात टाइमटेबल मिळतं, कपाटाची किल्ली मिळते, मस्टरवर नाव चढतं आणि जाता जाता सांगितलं जातं, "सोमवारपासून तुमची बॅच मेल मेडिसिनला आहे." वर्गात शिकवायचं असेल तर पाठाचं टाचण काढायचं, फळा कसा वापरायचा, प्रश्न कसे विचारायचे हे सगळं बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात शिकवलेलं असतं. तीस खाटांच्या वॉर्डात, कण्हणाऱ्या पेशंटच्या आणि घाईत असलेल्या सिस्टरच्या मध्ये उभं राहून कसं शिकवायचं, हे मात्र ज्याचं त्याने शिकावं अशी रीत आहे. चांगली नर्स असेल तर ती वॉर्डात शिकवेलच, असं सगळे धरून चालतात.

हे अर्धंच खरं आहे. वॉर्डात शिकवायला चांगली नर्स लागतेच. पण चांगल्या नर्सची काही वर्षांत जी सवय पक्की होते, म्हणजे पुढे होऊन काम उरकणं, तीच शिकवण्याच्या आड येते. नव्या शिक्षिकेची पहिली तयारी या सवयीला आवर घालण्याची असते.

नव्या ट्यूटर साधारण दोन वाटांनी येतात. एक म्हणजे शिक्षण संपवून थोड्याशा अनुभवावर थेट कॉलेजात आलेली. हिला कारणं पाठ असतात, पण वॉर्डाचा वेग अंगात नसतो. दुसरी सात-आठ वर्षं आयसीयू किंवा कॅज्युअल्टी काढून आलेली. हिचं वॉर्डात कुठेच अडत नाही, आणि तिची पंचाईत तिथेच सुरू होते. विद्यार्थिनी व्हेनफ्लॉन लावताना जरा चाचपडली की हिचा हात आपोआप पुढे जातो. काम होतं, पेशंट सुटतो, मुलगी मात्र बघ्याची बघ्याच राहते.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सने १९८४ साली 'फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट' हे पुस्तक लिहिलं. वैमानिक आणि बुद्धिबळपटू कौशल्य कसं कमावतात याचा अभ्यास ड्रायफस बंधूंनी केला होता. त्यांची पायऱ्यांची मांडणी बेनरने नर्सिंगला लावून पाहिली. नवशिकी व्यक्ती नियमाला धरून चालते आणि तरबेज व्यक्ती समोरची परिस्थिती एका नजरेत जोखते, हे तिने वॉर्डातल्या नर्सेसच्या अनुभवांतून दाखवलं. शिक्षकासाठी यात एक अडचणीची गोष्ट दडलेली आहे. तरबेज झालेल्या माणसाला आपण पूर्वी कोणत्या नियमाने चालत होतो हेच आठवेनासं होतं. "हे बघ, असं करायचं" यापुढे त्याच्याकडे शब्द उरत नाहीत.

म्हणून तयारीची सुरुवात स्किल लॅबमध्ये एकटीने करावी. रोजची, अगदी साधी वाटणारी प्रोसिजर घ्यावी आणि ती करताना मनात जे जे चाललं आहे ते मोठ्याने बोलावं. इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊ. मुलीच्या प्रोसिजर बुकात हात धुणे, साहित्य गोळा करणे, डोस भरणे, त्वचेखाली टोचणे अशा पायऱ्या असतात. जुनी सिस्टर याखेरीज काय काय करते ते ऐका. व्हायल हातात घेतल्याबरोबर तिची नजर नावाआधी ताकदीवर जाते. आपल्याकडे इन्सुलिन मिलिलिटरमागे ४० युनिटचं मिळतं आणि १०० युनिटचंही मिळतं. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल, १०० वालीचं नारिंगी. ट्यूबलाइटच्या उजेडात, घाईच्या वेळी, हे दोन रंग वाटतात तितके वेगळे दिसत नाहीत. १०० ताकदीचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटच्या अंगात २० ऐवजी ५० युनिट जातात. उलटी चूक झाली तर २० ऐवजी ८ जातात. पहिल्या चुकीत पेशंट घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो. दुसरीत लगेच काही दिसत नाही, म्हणून ती चूक दिवसेंदिवस चालू राहू शकते.

हीच सिस्टर सिरिंज भरण्यापूर्वी सकाळची शुगर बघते, पेशंट उलट्या करतोय का ते विचारते, आणि जेवणाची गाडी कुठपर्यंत आली आहे हे दाराकडे मान वळवून पाहून घेते. जेवणाआधीचं इन्सुलिन टोचलं आणि जेवण तासाभराने आलं, तर पंचाईत पेशंटची. दाराकडे वळणारी ती मान प्रोसिजर बुकात नाही. ती पाहून तिचं कारण शब्दांत सांगता येणं, हे वॉर्डातल्या शिक्षिकेचं खरं टाचण. अशी आठ-दहा कामं सोलून पाहिली की पहिल्या महिन्याला पुरेसा ऐवज हाताशी येतो.

दुसरी तयारी प्रत्यक्ष वॉर्डाची. बॅच येण्याआधी निदान दोन-तीन सकाळी तिथे एकटीने काढाव्यात, हँडओव्हरपासून. ज्या वॉर्डात वर्षानुवर्षं ड्युटी केली तोच वॉर्ड असेल तरीही जावं, कारण आता नजर वेगळी लावायची असते. इमर्जन्सी ट्रॉली कुठे असते आणि तिच्यातलं सामान शेवटचं कोणी तपासलं? शार्प्ससाठीचा पांढरा डबा खाटेपासून किती पावलांवर आहे? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, निळ्या पिशव्या किंवा डबे आणि सुयांसाठी पांढरा डबा असायला हवा, हे मुली पाठ म्हणून दाखवतात. पण डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर हातात उघडी सुई धरून चालत जाणारी मुलगी तुमची असणार आहे. डॉक्टरांचा राऊंड कधी होतो हेही बघावं, कारण त्या वेळी केसपेपर मुलींच्या हाती लागत नाहीत. दहा जणी उभ्या राहून बोलू शकतील अशी जागा कुठे आहे? बऱ्याच वॉर्डांत अशी जागाच नसते, मग जिन्याचा वळणमाथा किंवा लिननची खोली आधी हेरून ठेवावी लागते. मावशी आणि मामा कोण, त्यांची नावं काय, हेही विचारून घ्यावं. वॉर्डातली निम्मी माहिती त्यांच्याकडे असते.

आणि इन्चार्ज सिस्टरांशी बोलावं, तेही सोमवारच्या घाईत नव्हे, आधी. बहुतेक ट्यूटर आपली उद्दिष्टांची यादी घेऊन जातात: आमच्या मुलींना हे हे करायला मिळालं पाहिजे. त्याऐवजी पहिला प्रश्न असा टाकून बघा: "सिस्टर, तुमच्या वॉर्डात मुलींनी काय करू नये?" उत्तरं फार कामाची मिळतात. नार्कोटिकच्या कपाटाला हात लावायचा नाही. बारा नंबरच्या नातेवाइकांना तब्येतीबद्दल काही सांगायचं नाही, त्यांच्याशी डॉक्टरच बोलतील. आणि सगळ्या जणी एकदम नर्सिंग स्टेशनवर गोळा व्हायच्या नाहीत. या तिसऱ्या सूचनेत विद्यार्थ्यांच्या बॅचकडे वॉर्ड कसा बघतो ते सगळं येतं.

वॉर्डाला विद्यार्थी म्हणजे एकाच वेळी लचांडही वाटतात आणि फुकटचे हातही. यातलं दुसरं जुनं दुखणं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची शाळा १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सुरू झाली, तेव्हापासून शिकाऊ नर्स शिकता शिकता वॉर्डाचं कामही ओढत आली आहे. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने बायकांना नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलात पाठवलं, त्याही शिकल्या त्या वॉर्डात राबूनच. अमेरिकेत १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने, विद्यार्थिनींना मनुष्यबळ म्हणून वापरल्याने त्यांचं शिक्षण मागे पडतं, हे स्पष्ट लिहिलं. शंभर वर्षं होऊन गेली, आणि आजही स्टाफ कमी असलेल्या वॉर्डात बॅच आली की "मुली आहेत ना, टीपीआर त्या घेतील" हे वाक्य ऐकू येतंच. यावर भांडण काढून काही साधत नाही, असं मला वाटतं. तीसही पेशंटचा टीपीआर एकाच मुलीने घेतला तर ती हमाली. तिला दिलेल्या दोघांचा तिने घेतला, आकड्यांचा अर्थ सांगितला आणि वेगळं दिसलं ते सिस्टरांना कळवलं, तर ते शिक्षण. काम तेच. वॉर्डाला मदत करायची, पण कोण कोणता पेशंट बघणार हे ट्यूटरने ठरवायचं, एवढं इन्चार्जकडून आधी कबूल करून घ्यावं.

आता हिशेब. इंडियन नर्सिंग काउन्सिलचा निकष दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. सकाळची ड्युटी आठ ते दोन धरली तर सहा तास होतात. हँडओव्हर, चहा, शेवटची चर्चा काहीच धरलं नाही तरी एकेका मुलीच्या वाट्याला ३६ मिनिटं येतात. प्रत्यक्षात वीस मिळाली तरी खूप. म्हणजे सगळ्यांवर सारखं लक्ष ठेवणं शक्यच नाही, आणि तसं करू पाहणारी शिक्षिका दिवसभर वॉर्डात धावते आणि कोणालाच काही शिकवत नाही. आज कोणाजवळ थांबायचं आणि कोणाला मोकळं सोडायचं, हे सकाळी साडेसातला ठरलेलं असलं पाहिजे.

वाटणी करताना पेशंट आणि विद्यार्थिनी यांची जोडी जमवावी लागते. पहिल्या दिवशी सोपा पेशंट द्यायचा ही पद्धत ठीक, पण सोपा म्हणजे कोण? निमोनियातून उठून घरी जायच्या बेतात असलेले, बोलके आजोबा नवख्या मुलीला फार शिकवून जातात. उलट 'फक्त बेड रेस्ट' असं लिहिलेला, भिंतीकडे तोंड करून पडलेला तरुण कागदावर सोपा दिसतो, आणि अठरा वर्षांच्या मुलीला त्याच्याजवळ जाऊन नाव सांगणंही जड जातं. त्यामुळे आजाराइतकाच स्वभावही बघायचा. दहांपैकी दोघींना औषधांचं काम द्यावं आणि त्या दिवशी आपण त्या दोघींच्याच मागे राहावं. बाकीच्या आठ जणींना त्यांना आधीच येणारी, चूक झाली तरी सावरता येणारी कामं: बेड, स्पंजिंग, टीपीआर, खाणंपिणं, पेशंटशी बोलून केअर प्लॅनची माहिती काढणं. दुसऱ्या दिवशी पाळी बदलते. कोणती कामं ट्यूटर शेजारी असल्याशिवाय करायचीच नाहीत, याचा एक कागद पहिल्याच दिवशी मुलींच्या हातात द्यावा. कुठलंही इंजेक्शन, रक्त चढवणं, राइल्स ट्यूब, कॅथेटर, सक्शन. आणि पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युलला हातच लावायचा नाही. दहा मिलिलिटरची ती अँप्युल साध्या पाण्याच्या अँप्युलशेजारी ठेवली तर पटकन ओळखू येत नाही, आणि ती सलाईनमध्ये पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय बंद पडतं.

पेशंटला विचारणं हा भाग बहुतेक वॉर्डांत गाळलेलाच असतो. सरकारी हॉस्पिटलातला पेशंट सहसा नाही म्हणत नाही. आपल्याला नाही म्हणता येतं हेच त्याला ठाऊक नसतं, म्हणून तिथे जास्त नीट विचारायला हवं. "काका, ही आमची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तुमची सुई ती लावणार आहे, मी शेजारीच उभी आहे. चालेल ना? नको असेल तर मी लावते." एवढं म्हटलं की नव्वद टक्के काका "लावू दे की, शिकणार कधी!" म्हणतात. उरलेले नको म्हणतात, आणि त्यांचं नको तिथेच मान्य करायचं. मुलीसमोर मान्य करायचं, म्हणजे तिलाही ते कळतं. शीर सापडली नाही तर मुलीने किती वेळा प्रयत्न करायचा हेही आत जाण्यापूर्वी ठरवावं. माझ्या मते एकदाच.

उभं कुठे राहायचं याचाही विचार हवा. मुलीच्या पाठीमागे उभी राहणारी शिक्षिका तिच्या खांद्यावरून फक्त बघू शकते. खाटेच्या पलीकडच्या बाजूला, मुलीच्या समोर उभं राहिलं तर हात पोहोचतो, पेशंटला आपला चेहरा दिसतो आणि मुलीचा चेहरा आपल्याला. आत जाण्यापूर्वी दारातच दोन प्रश्न विचारावेत: पहिलं काय करणार, आणि कुठे अडशील असं वाटतं? मग दोन शब्द ठरवून ठेवावेत. "थांब" म्हटलं की हात जिथे आहे तिथे थांबला पाहिजे, का ते नंतर. "मी घेते" म्हटलं की ट्रे माझ्याकडे, चर्चा नाही. ठरवलेलं असलं की पेशंटसमोर ओरडावं लागत नाही. वॉर्डात दहा लोकांसमोर मॅडम ओरडल्या तर मुलीच्या लक्षात ओरडणं राहतं. सुई कोणत्या कोनात धरली होती ते विसरायला होतं.

आणि "मी घेते" म्हणण्याची वेळ कधी? नवख्या ट्यूटरला हाच प्रश्न सर्वांत जास्त सतावतो. मुलगी हळू आहे, अवघडली आहे, कपाळावर घाम आहे, ही कारणं पुरेशी नाहीत. पेशंटला विनाकारण दुखतंय, निर्जंतुकपणा मोडला आहे आणि तिच्या लक्षात आलेलं नाही, किंवा औषध चुकतंय, ही कारणं पुरेशी. मधल्या सगळ्या वेळात हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. सर्जिकल वॉर्डात वाढलेल्या बाईला हे फार जड जातं.

सगळंच शिकवणं प्रोसिजरचं नसतं. वॉर्डातल्या कुठल्याही टीपीआर चार्टवर श्वासाचा रकाना वाचत जा. २०, २०, १८, २०, २०. तीस माणसं, त्यांतले चार दम्याचे, दोन हार्ट फेल्युअरचे, आणि सगळे जण मिनिटाला वीसच श्वास घेतात! श्वास न मोजताच आकडा टाकण्याची ही खोड जगभरच्या हॉस्पिटलांत आढळली आहे, आणि पेशंट खालावायला लागला की जे आकडे लवकर बदलतात त्यांत श्वासाचा आकडा वरचा आहे. मुली ही खोड पहिल्या महिन्यातच उचलतात, कारण वरच्या ओळींत तेच लिहिलेलं दिसतं. यावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. तिच्या शेजारी उभं राहायचं. नाडी मोजून झाली तरी पेशंटच्या मनगटावरची बोटं तशीच ठेवायची, म्हणजे आता आपला श्वास मोजताहेत हे त्याला कळत नाही आणि तो बदलत नाही. पूर्ण एक मिनिट दोघींनी वेगवेगळं मोजायचं, मग आकडे सांगायचे. तुमचे २८ आले आणि तिचेही २८ आले, तर वरच्या रकान्यातल्या २० कडे ती पुन्हा त्याच नजरेने पाहणार नाही.

प्रश्न विचारण्याची एक पद्धत अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडली, ती इथे चपखल बसते. विद्यार्थ्याला आधी स्वतःचं मत सांगायला लावायचं. ते कशावरून ते विचारायचं. त्यातून एक सर्वसाधारण नियम काढून द्यायचा. जे बरोबर केलं ते नेमकं सांगायचं. जे चुकलं ते दुरुस्त करायचं. पाच मिनिटांत, उभ्या उभ्या. हे प्रत्यक्षात असं चालतं:

"सहा नंबरची युरिन किती?"

"ऐंशी एमएल, मॅडम."

"किती वेळात?"

"बॅग आठला रिकामी केली होती. आता बारा वाजलेत."

"मग, बरी आहे का?"

मुलगी गप्प. इथे आपणच उत्तर देऊन टाकायचा मोह होतो. मनात दहा आकडे मोजावेत.

"पेशंट साठ किलोचे आहेत. तासाला निदान तीस पाहिजे. चार तासांत एकशेवीस व्हायला हवी होती. कमी आहे, मॅडम."

"कशामुळे असेल?"

"पाणी कमी पडत असेल... बीपी बघते."

"बीपी बघच. पण त्याच्याही आधी काय बघशील?"

मुलगी चादर उचलते. पेशंटची मांडी कॅथेटरच्या नळीवर आलेली असते. नळी मोकळी केल्याबरोबर बॅगेत धार लागते. मग सांगायचं: हिशेब बरोबर मांडलास, वजन विचारात घेतलंस, हे चांगलं. इथून पुढे युरिन कमी दिसली की आधी नळी पेशंटपासून बॅगपर्यंत हाताने तपासायची, मग बीपी, आणि तरीही कमीच असेल तर सिस्टरांना लगेच सांगायचं. चार्टवर लिहून पुढे जायचं नाही.

नव्या शिक्षिकेला खरी भीती असते ती एका वाक्याची: "मॅडम, पण कॉलेजात तुम्ही वेगळं शिकवलं होतं." मुलीने स्टाफ सिस्टरला वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण चढवताना पाहिलेलं असतं, किंवा ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर पुस्तकातल्या अर्ध्या वस्तूही नसतात. वॉर्डाची निंदा केली तर तुम्ही उद्यापासून तिथे पाहुण्या. "इथे असंच चालतं" म्हटलं तर मुलीला वाटतं की कॉलेज फक्त परीक्षेसाठी. दोन्ही उत्तरं टाळायची तर साधन आणि तत्त्व यांत फरक करायला शिकवावं लागतं. ड्रेप नाही म्हणून ऑटोक्लेव्ह केलेला टॉवेल वापरला, किडनी ट्रेऐवजी दुसरं भांडं घेतलं, हे चालेल. नर्सिंगमध्ये अशी तजवीज करणं कौशल्यच आहे. हात न धुता पुढच्या पेशंटला हात लावणं, सुईला दोन हातांनी टोपण घालणं, न तपासता औषध देणं, हे साधनांच्या टंचाईत बसत नाही. मुलीला सांगायचं: "सिस्टरांवर तीस पेशंट आहेत, तुझ्यावर दोन. त्यांच्याकडून तू त्यांचा वेग शीक, नजर शीक. सुईच्या बाबतीत मी सांगते तसंच करायचं."

चूक होणार हे धरूनच चालावं. चूक कळल्यावर आधी पेशंट, मग डॉक्टर आणि इन्चार्ज, मग नोंद, आणि सगळ्यांत शेवटी मुलीशी बोलणं. हा क्रम पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलेला असला की चूक लपवण्याचं प्रमाण कमी होतं. सुई टोचण्याचं तर वेगळंच प्रकरण. बॅच वॉर्डात येण्याआधी प्रत्येकीची हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झाली आहे का, हे कागद पाहून तपासावं. 'हो मॅडम' यावर विसंबू नये. सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढायचं नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि ताबडतोब कळवायचं. एचआयव्हीविरुद्धची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर ती शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरला जात नाही. ती औषधं २८ दिवस घ्यायची असतात. म्हणून रात्री, रविवारी, सणाच्या दिवशी ही औषधं आपल्या हॉस्पिटलात कोणाकडे मिळतात ते ट्यूटरला आधीच ठाऊक हवं, आणि त्या मुलीबरोबर तिने स्वतः जावं. वसतिगृहात राहणारी मुलगी घरी कळेल या धास्तीनेच बऱ्याचदा गप्प बसते.

मृत्यूचंही तसंच. पहिल्या पोस्टिंगमध्येच एखादीला दिलेला पेशंट जातो. तिने काल त्याला भरवलेलं असतं. अशा वेळी तिला लगेच हॉस्टेलला पाठवून देणं ही दया वाटते, पण सगळ्यांना ते मानवत नाही. काहींना शेवटच्या देखभालीत, अंग पुसण्यात, हातपाय नीट ठेवण्यात हात लावावासा वाटतो. विचारावं, आणि ती म्हणेल तसं करावं. त्या दिवशी तिची केअर प्लॅनची वही मागू नये.

दुपारी दीडला ट्यूटरची शेवटची परीक्षा असते. शिणलेल्या दहा जणी त्या लिननच्या खोलीत उभ्या असतात. या चर्चेची पंधरा मिनिटं दिवसभराच्या कामापेक्षा जास्त शिकवू शकतात, पण प्रत्येकीने आपला पेशंट वाचून दाखवायचा असं ठरवलं की तासभर जातो आणि कोणी ऐकत नाही. एक पेशंट, एक प्रश्न. आज सहा नंबरच्या नळीचं झालं ना, तेवढंच घ्यावं. ज्या मुलीने नळी शोधली तिनेच सांगावं.

आणि मूल्यमापन. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक पिरॅमिड मांडला: तळाला माहिती असणं, मग कसं करायचं ते माहीत असणं, मग करून दाखवणं, आणि टोकाला प्रत्यक्ष कामात रोज तसं करणं. परीक्षेत बहुतेक खालचे दोन थर मोजले जातात. १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ओएससीई ही परीक्षापद्धत मांडली, तिने तिसरा थर मोजायची सोय केली. टोकाचा थर मात्र फक्त वॉर्डात दिसतो, आणि तो पाहणारी व्यक्ती एकच: ट्यूटर. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमाने सेमिस्टर आणि क्रेडिट आणले, कौशल्यांवर भर दिला. लॉगबुकं मात्र सेमिस्टर संपताना गठ्ठ्याने सहीला येण्याची पद्धत अजून गेलेली नाही. तीन महिन्यांपूर्वी कोणी राइल्स ट्यूब घातली आणि कोणी नुसती बघितली, हे त्या दिवशी कोणालाही आठवत नाही. सही त्याच दिवशी, खाटेजवळून निघाल्यावर. नाहीतर नाही.

नापास करणं तर सगळ्यांना जड जातं. कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मार्गदर्शक नर्सेसशी बोलून केलेल्या अभ्यासात दिसलं की काठावरच्या विद्यार्थ्यांना बऱ्याचदा 'पुढच्या पोस्टिंगमध्ये सुधारेल' म्हणून सोडून दिलं जातं. पुढची शिक्षिकाही तेच म्हणते, आणि शेवटी ती मुलगी स्टाफ नर्स म्हणून रात्रपाळीला एकटी उभी राहते. आपल्याकडे फी भरलेली असते, घरचे लांबून आलेले असतात, प्राचार्यांचा फोन येतो. त्यामुळे दबाव स्कॉटलंडपेक्षा कमी नाही. याला तोंड देता येतं ते लिहिलेल्या नोंदीने. 'कामात निष्काळजी' अशी नोंद कोणालाही खोडता येते. '१२ तारीख, सकाळी दहा: आठ नंबरला औषध देताना नाव विचारलं नाही, केसपेपर पाहिला नाही. थांबवलं, कारण समजावलं. १५ तारीख: पुन्हा तसंच. तिला दाखवून सही घेतली' ही नोंद प्राचार्यांपुढे टिकते. शिवाय ही नोंद वाचून मुलीला काय सुधारायचं ते नेमकं कळतं, आणि पुढच्या तीन दिवसांत तिने पाचही वेळा नाव विचारलं, तर तेही त्याच वहीत, त्याच शाईने लिहायचं. तरीही नाही जमलं, तर त्याच वॉर्डात आणखी दोन आठवडे पोस्टिंग वाढवून मागावं. ही मागणी सेमिस्टरच्या शेवटी नव्हे, मध्यावर करावी, कारण शेवटी मागितली तर द्यायला रिकामे आठवडेच उरलेले नसतात.